पडद्याची सूज: इंजेक्शन घ्यायचं की लेझर? पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी

‘पडद्याला सूज आहे, इंजेक्शन द्यावं लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं की पेशंट आणि सोबतचा माणूस दोघंही गप्प होतात. डोळ्यात सुई या कल्पनेनेच अंगावर काटा येतो. मग घरी आल्यावर कोणीतरी सांगतं, ‘आमच्या काकांचं लेझरने भागलं, तुम्ही कशाला इंजेक्शनच्या फंदात पडता?’ आणि निर्णय आणखी लांबतो. माझ्या आईला मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांत सूज आली. तिच्यासोबत इंजेक्शन आणि लेझर असे दोन्ही उपचार मी जवळून पाहिले, आणि वाचण्यासारखं जे मिळालं ते वाचलं. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या रेटिना स्पेशालिस्टचाच. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे आधी माहीत असेल तर ती दहा मिनिटं कारणी लागतात.

१. सूज कशामुळे आणि नेमकी कुठे, हे आधी कळू द्या

डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधल्या भागाला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक नजरेची कामं या छोट्याशा जागेवर चालतात. मधुमेहात तिथल्या केशवाहिन्या कमकुवत होऊन पाझरू लागतात, द्रव साचतो आणि पडदा फुगतो. या पाझरण्यामागे व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. इंजेक्शनमधली बहुतेक औषधं त्यालाच अडवतात.

सूज फक्त मधुमेहानेच येते असं नाही. पडद्याची शीर तुंबणं, वयोमानाने मॅक्युला खराब होणं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची सूज अशी कारणं असतात, आणि कारण बदललं की उपचारही बदलतो. पडद्याची मुख्य शीर तुंबून आलेल्या सुजेत लेझर मारून नजर सुधारत नाही, हे १९९५ पासून माहीत आहे. तेव्हा शेजारच्या काकांच्या लेझरशी तुलना करण्याआधी त्यांचा आजार कोणता होता ते विचारा. पुढचं सगळं मधुमेहाच्या सुजेबद्दल आहे.

सूज ओसीटी तपासणीत दिसते. हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडे पाहायचं, सुई नाही, दुखणं नाही. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: सूज मध्यबिंदूपर्यंत पोचली आहे का, आणि मध्यभागाची जाडी किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. निरोगी डोळ्यात ही जाडी साधारण २५० ते २७० मायक्रॉनच्या आसपास असते, पण मशिनागणिक आकडा थोडा बदलतो. म्हणून दर वेळी एकाच मशिनवर तपासणी झाली तर बरं. एका ठिकाणी ३४० आणि दुसऱ्या ठिकाणी ३६० आलं म्हणजे सूज वाढलीच, असं धरून चालू नका.

काही वेळा अँजिओग्राफी सांगतात. हाताच्या शिरेतून फ्लुरोसिनचा पिवळा रंग सोडतात आणि डोळ्याचे फोटो घेतात. नंतर लघवी गडद पिवळी होते, त्वचाही थोडी पिवळसर दिसते. एक-दोन दिवसांत ते जातं, कावीळ झाली म्हणून घाबरू नका. काहींना क्षणभर मळमळतं. कुठल्याही औषधाची ॲलर्जी असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर रंग सोडण्याआधी सांगा.

२. ‘लेझर’ म्हणजे कोणतं लेझर?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून या मुद्द्यावर जरा थांबते. डोळ्यांच्या दवाखान्यात ‘लेझर’ या एकाच नावाने अगदी वेगवेगळी कामं होतात.

चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर बुबुळावर करतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागची पिशवी धूसर होते, ती याग लेझरने उघडतात. या दोन्हींचा पडद्याच्या सुजेशी संबंध नाही.

पडद्यावरच्या लेझरचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एक फोकल किंवा ग्रिड लेझर: मॅक्युलाच्या आसपास पाझरणाऱ्या जागांवर मोजके बारीक ठिपके देतात. हे सुजेसाठी असतं. दुसरं पीआरपी: यात मॅक्युला सोडून पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो ठिपके देतात, बहुधा दोन-तीन बैठकांत. मधुमेह पुढे जाऊन पडद्यावर नाजूक, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यातून डोळ्यात रक्तस्राव होऊ नये, पडदा ओढला जाऊ नये म्हणून पीआरपी करतात. ते सूज उतरवण्यासाठी नाही. उलट पीआरपीनंतर मधली सूज काही काळ वाढू शकते, म्हणून दोन्ही आजार सोबत असतील तर डॉक्टर अनेकदा आधी इंजेक्शन देऊन मग पीआरपी करतात.

‘लेझर झालंय, तरी इंजेक्शन कशाला?’ हा प्रश्न वेटिंग रूममध्ये मी वारंवार ऐकला. उत्तर बहुतेक वेळा हेच असतं: झालेलं लेझर पीआरपी होतं आणि इंजेक्शन सुजेसाठी आहे. फाईलमध्ये कोणतं लेझर, कोणत्या डोळ्याला आणि कधी झालं, हे स्पष्ट लिहून घ्या. पुढे डॉक्टर बदलावे लागले तर ही एक ओळ फार उपयोगी पडते.

मायक्रोपल्स नावाचं सौम्य लेझरही आता बऱ्याच ठिकाणी आहे. त्यात ऊर्जा तुकड्यातुकड्यांत देतात, पडद्यावर डाग उरत नाही. सूज थोडी असेल तेव्हा त्याचा विचार होतो.

३. दोन्हींकडून काय अपेक्षा ठेवायची

१९८५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं की फोकल लेझरमुळे नजर बऱ्यापैकी घसरण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. त्यानंतर वीसेक वर्षं लेझर हाच मुख्य उपचार होता. पण लेझरने नजर टिकते, फारशी वाढत नाही. आजच्या पेशंटने हे वाक्य मनात पक्कं ठेवावं.

२०१० मध्ये डीआरसीआर या संशोधन गटाने लेझर आणि रॅनिबिझुमॅब इंजेक्शन यांची तुलना प्रसिद्ध केली. वर्षभराने इंजेक्शन घेतलेल्यांना तक्त्यावर सरासरी ९ अक्षरं जास्त वाचता आली, फक्त लेझर घेतलेल्यांना ३. त्या तक्त्याच्या एका ओळीत ५ अक्षरं असतात, म्हणजे जवळपास दोन ओळींची वाढ. तेव्हापासून मध्यभागी सूज आणि कमी झालेली नजर असेल तर पहिली पसंती इंजेक्शनला मिळते.

याची किंमत वेळेत आणि पैशात मोजावी लागते. औषधाचा असर काही आठवड्यांनी ओसरतो आणि सूज परत येऊ शकते. सुरुवातीला दर महिन्याला एक असे तीन ते पाच डोस आणि मग ओसीटी पाहून पुढचं ठरतं. त्या अभ्यासात पहिल्या वर्षी साधारण आठ-नऊ इंजेक्शनं लागली, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. पहिलं वर्ष जड जातं आणि पुढे भार उतरत जातो, हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं गेलं, म्हणून आईने धीर धरला. ‘एकदाच काय ते करून टाका’ हा तिचा हट्ट तिथेच संपला.

लेझरचा परिणाम दिसायला आठवडे, कधी तीन-चार महिने लागतात. ठिपका दिलेली जागा कायमची जळते. म्हणूनच मध्यबिंदूच्या फार जवळ लेझर देत नाहीत, तिथे दिलं तर नजरेतच डाग पडेल.

४. कोणाला काय लागू पडतं

सूज मध्यबिंदूपर्यंत आलेली आणि नजर उतरलेली असेल तर इंजेक्शन. यावर आता फारसे मतभेद नाहीत.

सूज मध्यबिंदूपासून बाजूला असेल आणि पाझरणारी जागा स्पष्ट दिसत असेल तर फोकल लेझर आजही चांगला पर्याय आहे. इथे इंजेक्शनसाठी अडून बसू नका.

सूज मध्यभागी आहे, पण नजर उत्तम आहे, हा तिसरा प्रकार बऱ्याच जणांना माहीत नसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सातशे रुग्णांचे तीन गट केले होते: लगेच इंजेक्शन, लगेच लेझर आणि नुसती देखरेख. नजर घसरली तर शेवटच्या दोन्ही गटांना इंजेक्शन मिळणार होतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांत नजर घसरलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. देखरेखीच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश लोकांनाच पुढे इंजेक्शन लागलं. तुमची नजर चष्म्यासह ६/६ च्या आसपास असेल तर ‘थोडं थांबून पाहता येईल का?’ असं जरूर विचारा. पण हे थांबणं ठरल्या तारखेला तपासणी करून घेण्याचं थांबणं आहे. तारीख न घेता घरी बसणं वेगळं.

इंजेक्शनं चालू असूनही सूज रेंगाळली तर काही महिन्यांनी जोडीला लेझर देतात, औषध बदलतात किंवा स्टेरॉइडकडे वळतात. ‘दोन्ही करायचं म्हणजे डॉक्टरांना कळत नाहीये’ असा अर्थ काढू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो तुम्ही स्वतःहून सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार नाही: तुम्हाला परत परत येणं जमणार आहे का? गाव लांब आहे, सोबतीला माणूस नाही, सुगीत शेत सोडता येत नाही, मुलगा परदेशी आहे, ही सगळी वैद्यकीय माहितीच आहे असं समजा. विशेषतः नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या डोळ्यात फक्त इंजेक्शनवर असलेले रुग्ण मध्येच कित्येक महिने आले नाहीत, तर पीआरपी झालेल्यांपेक्षा त्यांचं जास्त नुकसान झालेलं आढळलं आहे. येणं अनिश्चित असेल तर डॉक्टर वेळीच पीआरपी करून घेतील किंवा जास्त टिकणारं औषध निवडतील. संकोचाने ‘येऊ की’ म्हणून मान हलवण्यात डोळ्याचं नुकसान आहे.

अलीकडे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, गरोदरपण असेल किंवा तशी शक्यता असेल, तर तेही आधी सांगा. अशा वेळी इंजेक्शनचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

५. कोणतं इंजेक्शन?

बिव्हॅसिझुमॅब (ॲव्हास्टिन) सगळ्यात स्वस्त. मुळात ते कर्करोगाचं औषध, डोळ्यासाठी अधिकृत मान्यता नसली तरी जगभर वापरतात. मोठ्या कुपीतून छोटे डोस भरावे लागत असल्याने निर्जंतुकतेला फार महत्त्व असतं. २०१६ च्या सुरुवातीला आपल्याकडे डोळ्यासाठी त्याच्या वापरावर काही आठवडे बंदी आली होती, ती नंतर उठली. डोस कुठे आणि कसे भरले जातात हे विचारायला लाजू नका.

रॅनिबिझुमॅब डोळ्यासाठीच बनवलेलं आहे. त्याचा रॅझुमॅब हा भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं बनवलेलं औषध) २०१५ पासून मिळतो आणि मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पडतो. अफ्लिबरसेप्ट आणि त्याहून नवं फॅरिसिमॅब महाग आहेत, पण काही रुग्णांत दोन डोसांमधलं अंतर वाढवता येतं. फॅरिसिमॅबमध्ये ते १६ आठवड्यांपर्यंतही जाऊ शकतं.

महागडं तेच चांगलं का? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात नजर थोडीच कमी असलेल्यांमध्ये बिव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट हे तिन्ही वर्षभराने सारखेच ठरले. नजर साधारण ६/१५ किंवा त्याहून वाईट असेल तिथे अफ्लिबरसेप्ट पुढे होतं. मग २०२२ मध्ये अशाच कमी नजरेच्या डोळ्यांत वेगळा प्रयोग झाला: सुरुवात बिव्हॅसिझुमॅबने, पुरेसा फरक पडला नाही तर अफ्लिबरसेप्ट. बहुतेक डोळ्यांना पुढे बदल करावा लागला, पण दोन वर्षांनी नजर पहिल्यापासून महाग औषध घेतलेल्यांइतकीच सुधारली होती. माझं मत विचाराल तर एका महागड्या डोसवर सगळी शिल्लक संपवण्यापेक्षा वर्षभर नियमित घेता येईल असं औषध निवडा.

स्टेरॉइडमध्ये डेक्सामेथासोनची बारीक कांडी डोळ्यात सोडतात. तिचा असर तीन-चार महिने राहतो. येण्याजाण्याचा त्रास असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं असेल तर सोयीची. पण डोळ्याचा दाब वाढू शकतो, त्यामुळे काचबिंदू असेल तर आवर्जून सांगा. दाब नंतरही मोजत राहावा लागतो.

६. कागद आणि पैसे

एक जाड फाईल करा आणि तारखेप्रमाणे लावा:

- जुने सगळे ओसीटी, शक्यतो रंगीत प्रिंट किंवा मोबाईलवर पीडीएफ
- अँजिओग्राफीचे फोटो, आधीच्या लेझर आणि इंजेक्शनच्या नोंदी (औषधाचं नाव, डोळा, तारीख)
- एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन आणि रक्तदाबाच्या नोंदी
- चालू गोळ्यांची यादी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसह
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विमा पॉलिसी

खाजगी विमा असेल तर लक्षात ठेवा: विमा नियामक इर्डाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही म्हणून ठरवलं, त्यांत डोळ्यातली ही इंजेक्शनं आहेत. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, ती पॉलिसीत शोधा. नेहमीचा सापळा असा की दवाखाना ओपीडीचं बिल देतो आणि क्लेम नाकारला जातो. डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडणारं दाखल) म्हणून दाखल करून डिस्चार्ज कार्ड मिळेल का, हे इंजेक्शनच्या आधी बिलिंग काउंटरवर विचारा आणि पूर्वमंजुरी घ्या. पॉलिसी नवी असेल तर आधीपासूनच्या मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ तपासा. तो २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा काउंटर असतो. तुमचा नेमका उपचार यादीत आहे का ते तिथे विचारा. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा आणि वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. बिल झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

७. इंजेक्शनचा दिवस

पोटभर खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन जा, वेगळ्या सूचना असतील तर त्या पाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, बहुधा त्या थांबवाव्या लागत नाहीत. डोकं धुऊन जा, पुढे काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही. डोळा लाल, चिकट असेल किंवा ताप असेल तर आधीच फोन करा, तारीख पुढे जाईल.

ऑपरेशन थिएटरमध्ये बधिर करणारे थेंब घालतात, मग बीटाडीन. ते चुरचुरतं, पण जंतुसंसर्ग टाळणारी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. पापण्या उघड्या ठेवायला छोटी क्लिप लावतात. सुई बुबुळातून जात नाही, पांढऱ्या भागातून, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर जाते. औषध एका थेंबाइतकं, ०.०५ मिलिलिटर. क्षणभर दाब जाणवतो आणि झालं. आई पहिल्या वेळी बाहेर आली आणि ‘सुरू कधी करणार?’ असं विचारत होती.

बाहुली मोठी केलेली असते, म्हणून गाडी चालवू नका. सोबत माणूस आणि काळा गॉगल हवा. औषधाचं वेष्टन किंवा त्यावरचं लेबल फाईलसाठी मागून घ्या.

८. लेझरचा दिवस

यात फार काही नाही. थेंब, डोळ्यावर एक लेन्स, मशिनसमोर बसणं आणि हिरव्या किंवा पिवळ्या प्रकाशाचे झोत. फोकल लेझर सहसा दुखत नाही. पीआरपीमध्ये काही ठिपके टोचल्यासारखे लागतात. दुखलं तर सांगा, मान हलवू नका. पीआरपीनंतर कडेची नजर आणि अंधारातलं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, त्यामुळे रात्री गाडी चालवणाऱ्यांनी आधी चर्चा करावी.

९. इंजेक्शननंतर काय चालतं, काय नाही

डोळ्याच्या पांढऱ्यावर लाल डाग, थोडं खुपणं, एक-दोन दिवस काळे गोल तरंगणं हे नेहमीचं आहे.

दुखणं वाढत जाणं, नजर कमी होणं, उजेड सहन न होणं, लाली पसरणं, पहिल्या आठवड्यात यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळ्याच्या आतला संसर्ग साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्याला होतो, पण झाला तर तास महत्त्वाचे असतात. विजेसारख्या चमका किंवा पडदा ओढल्यासारखी सावली दिसली तरीही तेच. रविवारी आणि रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या आणि मोबाईलमध्ये साठवा. डोळा चोळू नका, मेडिकलमधून परस्पर थेंब आणून घालू नका.

१०. दोन तारखांच्या मधलं काम

पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची गोळी सूज वाढवू शकते. ती चालू असेल तर डोळ्यांच्या आणि मधुमेहाच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगा. रक्तदाब, किडनी आणि रक्त कमी असणं यांचाही डोळ्यावर परिणाम होतो, म्हणून ते रिपोर्ट फाईलमध्ये हवेत. साखर अनेक वर्षं वाढलेली असेल तर ती उतरवण्याचा वेगही डॉक्टरांनाच ठरवू द्या. फार झपाट्याने उतरली तर पडद्याचा आजार काही काळ उसळू शकतो.

आठवड्यातून एकदा वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो आणि आठवडेच्या आठवडे लक्षात येत नाही. सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, मधला आकडा पुसट झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करून आधीची वेळ मागा. आणि दवाखान्यातून निघण्याआधी पुढची तारीख फाईलवर लिहून घ्या, नजर सुधारलेली असली तरी.